टाका, पट्टा आणि जाळी : हर्नियाच्या उपचारांची कहाणी

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मखराचे सागवानी चौरंग माडीवरून खाली आणताना आमच्या अण्णांना उजव्या जांघेत कळ आली. विसर्जन होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. नंतर घरी पाहतात तो जांघेत लिंबाएवढा फुगवटा! उभे राहिले की दिसे, आडवे झाले की नाहीसा होई. सर्जनांनी पाहून सांगितले, "हर्निया आहे. सवडीने शस्त्रक्रिया करून जाळी बसवू." त्याच आठवड्यात अण्णांच्या मोबाइलवर कुणीतरी एक चित्रफीत पाठवली. परदेशात या जाळीवरून हजारो लोक कोर्टात गेले आहेत, जाळी शरीरात गुंडाळली जाते, दुखणे जन्मभर राहते, असे तिच्यात होते. अण्णांनी शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली ती ढकललीच.

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या वाचनालयात रोज संध्याकाळी आम्ही पाच जण बसतो. अण्णा त्यांतलेच एक. दुसरे बापू. त्यांच्या पोटात पंधरा वर्षांपासून जाळी आहे आणि ती आहे हे त्यांना विचारल्याशिवाय आठवतही नाही. तिसरे नाना. त्यांची शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली. हर्निया पुन्हा आला नाही, पण जिना चढताना, खुर्चीतून उठताना जांघेत सुई टोचावी तशी कळ आजही येते. तपासणीला गेले की "टाका उत्तम आहे, आता वयच झालं" एवढेच त्यांना ऐकायला मिळे. बापूंचे ऐकावे की नानांचे, या पेचात अण्णा सापडले होते. मग आम्ही ठरवले की या जाळीचा इतिहासच वाचून काढायचा. आमच्यात कुणी डॉक्टर नाही. पण वर्षभरात जे वाचले, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादे अण्णा असतातच.

जुनेच दुखणे

हर्नियाला मराठीत अंतर्गळ म्हणतात. पोटाची भिंत जिथे दुबळी असते, तिथून आतड्याचा किंवा आतल्या चरबीचा भाग बाहेर डोकावू लागतो. पुरुषांत हे बहुधा जांघेतच होते, आणि त्याला कारण आहे. आईच्या पोटात असताना मुलाचे वृषण त्याच्या पोटातून खाली उतरते. त्या वाटेने रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका कायमच्या जातात, त्यामुळे ती वाट पूर्ण बुजवता येत नाही. म्हणजे अण्णांच्या बाबतीत चौरंग हे निमित्त; फट आधीचीच. जगात दरवर्षी जांघेतल्या हर्नियाच्या दोन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात. पुरुषांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. स्त्रियांत प्रमाण पुष्कळ कमी, पण त्याही सुटत नाहीत.

इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसात खोकल्याबरोबर बाहेर येणाऱ्या पोटावरच्या सुजेचा उल्लेख सापडतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतली आंत्रवृद्धी म्हणजे हाच विकार. त्याची कारणे सुश्रुताने दिली आहेत ती अशी : ओझे वाहणे, आपल्याहून बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे. गाठ दाबली की आवाज करीत वर जाते आणि सोडली की पुन्हा फुगते, हे त्याचे निरीक्षण आजच्या डॉक्टरच्या तपासणीशी जुळते. हा विकार त्याने असाध्य मानला. तरीही वृद्धी वृषणकोशापर्यंत उतरली नसेल, तर जांघेवर अर्धचंद्राच्या आकाराच्या शलाकेने डाग देऊन तिची वाट बंद करावी, असा उपचार सांगितला. जखमेचा व्रण घट्ट होतो आणि त्याने फट बुजेल, हा त्यामागचा विचार. ही कल्पना लक्षात ठेवावी. पुढे प्लास्टिकची जाळी आली तेव्हाही तिचे काम शरीराने धरलेल्या घट्ट व्रणावरच चालणार होते.

युरोपातही शेकडो वर्षे डागण्या देणे चालूच होते. तिथले फिरते शस्त्रवैद्य याहून भयंकर प्रकार करीत. हर्निया बंद करताना त्या बाजूचे वृषणच काढून टाकीत. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पारे याने या प्रकाराचा निषेध केला. वृषण वाचवून फट आवळण्यासाठी सोन्याच्या तारेचा टाका घालण्याची रीतही त्या काळी होती. शरीरात परकी वस्तू कायमची ठेवायची ही कल्पना आपल्याला वाटते तेवढी नवी नाही.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र पट्टाच येई. चामड्याचा किंवा लोखंडी स्प्रिंगचा पट्टा कमरेला बांधायचा आणि त्याच्या गादीने फट दाबून ठेवायची. इंग्लंडमध्ये गरिबांना असे पट्टे पुरवणाऱ्या धर्मादाय संस्था निघाल्या होत्या. आपल्याकडेही धोतराखाली पट्टा बांधणारे आजोबा आमच्यापैकी दोघांनी लहानपणी पाहिले आहेत. मोदक खाऊन पोट फुटले म्हणून गणरायाने पोटाला नाग गुंडाळला, ही गोष्ट बालपणी आपण सर्वांनी ऐकली आहे. लंबोदराचा तो नागबंध म्हणजे पहिला पट्टाच, असे बापू गमतीने म्हणतात. देवाचे भागले असेल. माणसाचे पट्ट्यावर कायमचे भागत नाही. आतडे फटीत अडकले आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर जिवावर बेतते.

पाडुआचा हिशेब

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन गोष्टी बदलल्या. १८४६ मध्ये ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. आता सर्जनला सावकाश काम करता येऊ लागले आणि जखमा पूर्वीसारख्या चिघळेनात. तरीही हर्निया उलटून येणे काही थांबेना.

इथे इटलीतल्या एडोआर्दो बस्सीनी यांची कथा येते. जन्म १८४४, शिक्षण पाविया येथे. १८६७ मध्ये रोम मुक्त करण्यासाठी निघालेल्या स्वयंसेवकांच्या तुकडीत हा तरुण डॉक्टर सामील झाला. व्हिला ग्लोरीच्या चकमकीत शत्रूची संगीन त्याच्या उजव्या जांघेत घुसली. तो कैद झाला, आतड्याला झालेली जखम कित्येक महिने वाहत राहिली. जांघेच्या जखमेने एवढा काळ अंथरुणाला खिळलेला माणूस पुढे त्याच जागेच्या शस्त्रक्रियेत जगप्रसिद्ध व्हावा, हा विलक्षण योग.

पाडुआ येथे प्राध्यापक असताना बस्सीनींनी १८८४ पासून नवी पद्धत वापरायला सुरुवात केली. तोवरचे सर्जन बाहेरच्या बाजूने फट आवळीत. बस्सीनींनी जांघेतली ती वाट पूर्ण उघडली, हर्नियाची पिशवी वरपर्यंत सोडवून काढली आणि मागची भिंत स्नायूंचे थर जांघेच्या अस्थिबंधाला शिवून नव्याने उभारली. १८८७ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली, १८८९ मध्ये तिच्यावर पुस्तक काढले आणि १८९० मध्ये जर्मन नियतकालिकात २६२ शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. त्या काळी हे आकडे कुणाला खरे वाटणे कठीण होते.

आम्हाला यात टाक्याइतकीच दुसरीही गोष्ट महत्त्वाची वाटली. बस्सीनींनी रुग्ण घरी गेल्यावर त्यांचे काय झाले याचा पाठपुरावा केला, काहींचा तर चार वर्षांहून अधिक काळ. रुग्ण दारातून बाहेर पडला की काम संपले, असे त्यांनी मानले नाही. तो हिशेब होता म्हणूनच जगाने त्यांचे म्हणणे मान्य केले.

पुढे त्यांचे नाव सर्वत्र पोचले, पण पद्धत तेवढी पोचली नाही. अनेक ठिकाणी मागची भिंत उघडण्याची महत्त्वाची पायरी गाळून वरवरचे टाके घातले जाऊ लागले आणि त्यालाही 'बस्सीनी'च म्हटले गेले. साहजिकच हर्निया उलटण्याचे प्रमाण वाढले. मूळ शिस्तीने काम करणाऱ्यांचे निकाल मात्र चांगलेच राहिले. कॅनडात टोरांटोच्या अर्ल शोल्डाइस यांनी दुसऱ्या महायुद्धात, हर्नियामुळे सैन्यात नाकारल्या गेलेल्या तरुणांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४५ मध्ये फक्त याच कामाचे रुग्णालय काढले. पोटाच्या भिंतीचे थर एकावर एक शिवायचे, जागा तेवढी बधिर करायची, रुग्णाला लगेच चालवायचे, ही त्यांची रीत. जांघेतल्या साध्या हर्नियाला तिथे आजही शक्यतो जाळी वापरत नाहीत. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या नोंदींवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या रुग्णालयातल्या रुग्णांपैकी शेकडा सव्वाहून कमी जणांना हर्नियासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. इतर रुग्णालयांत हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होते. याचा अर्थ जाळीशिवाय उत्तम काम होऊ शकते. पण ते सतत तेच काम करणाऱ्या हातांकडून होते, हेही त्यात आलेच.

जाळी कुठून आली

टाक्याची अडचण कपड्याच्या उदाहरणाने चटकन कळते. जुने धोतर फाटले आणि दोन्ही कडा ओढून शिवल्या, तर ताण पडून शेजारी पुन्हा फाटते. त्यापेक्षा ठिगळ लावलेले बरे. शरीराच्या आवरणाइतका मजबूत पदार्थ कृत्रिमरीत्या बनवता आला तर हर्नियाचा प्रश्न सुटेल, असे एकोणिसाव्या शतकातच सर्जनांच्या मनात घोळत होते. १९०० च्या सुमारास जर्मनीत चांदीच्या तारेची जाळी बसवण्याचे प्रयोग झाले. १९४० च्या दशकात टँटॅलम या धातूची जाळी आली. धातूची जाळी सतत हलणाऱ्या पोटात ताठ राही, कालांतराने तुटे आणि तिचे तुकडे त्रास देत.

उत्तर आले ते प्लास्टिकच्या कारखान्यातून. १९५४ मध्ये मिलानच्या ज्युलिओ नट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केले. या क्षेत्रातल्या कामासाठी १९६३ मध्ये त्यांना कार्ल झिग्लर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी १९५८ मध्ये पॉलिएथिलीनची जाळी वापरल्याचे प्रसिद्ध केले आणि काही वर्षांतच पॉलिप्रॉपिलीनची विणलेली जाळी आणली. तिला उकळता येत होते, ती कापली तरी उसवत नव्हती आणि तिच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढून ती भिंतीशी एकजीव होत होती. सुश्रुताला डागणीने जो व्रण हवा होता, तो आता जाळीच्या आधाराने नेमक्या जागी धरू लागला.

तरी पंचवीसएक वर्षे जाळी बहुधा मोठ्या किंवा उलटलेल्या हर्नियासाठीच राखून ठेवली जाई. हे चित्र बदलले लॉस एंजेलिसच्या इरव्हिंग लिक्टेन्स्टाइन यांनी. प्रत्येक साध्या हर्नियालाही टाक्यांनी कडा न ओढता जाळीचे ठिगळ लावावे, असे त्यांनी सुचवले. १९८९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार रुग्णांचा अहवाल दिला. एक ते पाच वर्षांत एकालाही हर्निया पुन्हा झाला नव्हता! शस्त्रक्रिया जागा बधिर करून, रुग्ण त्याच दिवशी घरी. शिकायलाही सोपी. दहा-पंधरा वर्षांत ती जगभर रूढ झाली. त्याच सुमारास दुर्बिणीतून जाळी बसवण्याच्या पद्धतीही आल्या. बापूंची जाळी याच काळातली.

जे मोजलेच नाही

मग नानांचे काय? त्यांच्यासारख्यांचे दुखणे या सगळ्या यशाच्या आकड्यांत कुठे आहे?

आम्ही वाचत गेलो तसे लक्षात आले की शंभर वर्षे सर्जनांनी मुख्यतः एकच गोष्ट मोजली : हर्निया पुन्हा आला की नाही. ते स्वाभाविकही होते, कारण मोठे दुखणे तेच होते. नानांचा हर्निया उलटला नाही, म्हणून हिशेबात ते 'यशस्वी'. त्यांची कळ लिहायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

हा रकाना उशिरा आखला गेला. २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जांघेतल्या हर्नियाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत लक्षणीय असे दीर्घकालीन दुखणे शेकडा १० ते १२ जणांना राहते असे म्हटले आहे. रोजच्या कामात किंवा नोकरीत अडथळा यावा इतके तीव्र दुखणे शेकडा अर्धा ते सहा जणांना. म्हणजे नाना एकटे नाहीत आणि त्यांच्या मनाचे खेळही नाहीत. जांघेतून तीन बारीक मज्जातंतू जातात. एखादा टाक्यात सापडला, कापला गेला किंवा व्रणात गुरफटला तर कळ मागे राहते. हे जाळीशिवायच्या शस्त्रक्रियेतही होते. जाळी असेल तर त्यात तिचे आकसणे, दुमडणे, क्वचित तिला जंतुसंसर्ग होणे, अशी कारणे वाढतात. तंतू तिच्यातून वाढलेले असल्याने ती काढायची म्हटली, तर ते काम बसवण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते.

त्याच वर्षी २५ चाचण्यांचा एकत्र आढावाही प्रसिद्ध झाला. सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या आढाव्याचा निष्कर्ष असा की, ४६ जणांना जाळी बसवली की त्यांतल्या एकाचा हर्निया उलटण्याचे टळते. फायदा खरा, पण चित्रफितीतल्या किंवा जाहिरातीतल्या भाषेइतका मोठा नाही. दीर्घकालीन दुखण्याची तुलना मात्र त्या आढाव्याला करताच आली नाही. कारण प्रत्येक चाचणीने दुखणे वेगळ्या रीतीने आणि वेगळ्या मुदतीने मोजले होते. हे वाचून नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मला कुणी नीट विचारलंच नाही, हे आता छापून आलं."

नीट विचारले तर काय साधते, याचे उदाहरण उत्तर युरोपात दिसते. स्वीडनने १९९२ मध्ये आणि डेन्मार्कने १९९८ मध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियांची नोंदवही सुरू केली. जर्मनीतही पुढे अशी नोंद सुरू झाली. कोणत्या रुग्णाला कोणती जाळी बसवली आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागली का, हे तिथे लिहिले जाते. पोटाच्या हर्नियासाठी दुर्बिणीतून बसवायच्या 'फिजिओमेश' या जाळीने हर्निया उलटण्याचे प्रमाण इतर जाळ्यांपेक्षा जास्त आहे, हे जर्मनी आणि डेन्मार्कच्या नोंदींतून दिसले आणि २०१६ मध्ये एथिकॉन कंपनीने ती जगभरातून परत घेतली. एखाद्या सर्जनला आपल्या दहा-वीस रुग्णांवरून हे कधीच कळले नसते. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नोंदींवरूनच आणखी एक अभ्यास आला. पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून होणाऱ्या हर्नियाला जाळी लावली तर तो उलटण्याचे प्रमाण घटते, पण जाळीमुळे होणाऱ्या गुंतागुंती पाच वर्षांपर्यंत हळूहळू वाढत जातात आणि फायद्याचा काही भाग खाऊन टाकतात, असे त्यात आढळले. दोन्ही बाजू एकाच तक्त्यात दिसल्या, त्या नोंदवहीमुळे.

चित्रफितीतले सत्य

अण्णांना आलेल्या चित्रफितीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होती, हे उलगडायला आम्हाला बरेच दिवस लागले. हर्नियाच्या जाळीवरून खटले झाले आहेत, हे खरेच. पण जगभर सर्वांत मोठा गदारोळ झाला तो स्त्रियांमध्ये गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकण्यावर, आणि लघवीवर ताबा न राहण्यावर, योनिमार्गातून बसवलेल्या जाळीचा. पदार्थ बहुधा तोच, पण जागा वेगळी आणि परिणाम फार वेगळे. असह्य वेदना, जाळी बाहेर येणे, संसार उद्ध्वस्त होणे. वर्षानुवर्षे या स्त्रियांना "असं होतंच" म्हणून परत पाठवले गेले. त्यांनी एकत्र येऊन लढा दिला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये इंग्लंडने तो वापर थांबवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये, अवयव खाली सरकण्यावरच्या अशा जाळीची विक्री बंद करायला लावली. इंग्लंडमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने जुलै २०२० मध्ये अहवाल दिला. रुग्णांचे ऐकले गेले नाही, हा त्याचा गाभा. बसवलेल्या प्रत्येक उपकरणाची नोंद ठेवा, ही त्यातली एक प्रमुख शिफारस.

तेव्हा चित्रफीत अगदी खोटी नव्हती, पण ती अण्णांच्या जांघेबद्दल फारसे सांगत नव्हती. त्या स्त्रियांनी मिळवून दिलेला धडा मात्र अण्णांनाही लागू आहे, असे आम्हाला वाटते.

दोंडाईचा आणि पुणे

या कहाणीत आपल्या माणसांची दोन पाने आहेत. ती वाचताना उर भरून आला.

बाजारातली जाळी महाग. खेड्यातल्या शेतमजुराला ती परवडत नाही. खानदेशात, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथील सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिले. ते पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचे होते. म्हणजे जात जवळपास तीच. त्यांनी ते कापून, निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले. स्वतःपुरते ठेवले नाही. इतर ठिकाणच्या सर्जनांना बरोबर घेऊन निकाल जमा केले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे आफ्रिकेत हा मार्ग अनेकांनी वापरला. युगांडाच्या पूर्व भागात ३०२ पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला. मच्छरदाणीच्या जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, बाजारी जाळीच्या गटात कुणाचाच नाही. गुंतागुंतीतही लक्षणीय फरक नव्हता. एका जाळीची किंमत डॉलरभर, तर दुसरीची सुमारे सव्वाशे डॉलर. कोणतीही मच्छरदाणी चालते असा याचा अर्थ कुणी काढू नये. योग्य धागा, योग्य निर्जंतुकीकरण आणि पाठपुरावा, या तिन्हींमुळे ते जमले.

दुसरे पान पुण्याचे. डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच टाळली. रुग्णाच्या स्वतःच्या पोटावरील मजबूत आवरणाची एक पट्टी, तिची दोन्ही टोके न तोडता, मागच्या भिंतीवर शिवायची, ही त्यांची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर ती लिक्टेन्स्टाइनच्या जाळीशी ताडून पाहिली गेली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत दोन-दोन जणांचाच हर्निया उलटला होता. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जाळीला पहिली पसंती दिली. जाळी नको असलेल्यांसाठी शोल्डाइसची पद्धत सुचवली आणि देसरडा पद्धतीचा आणखी अभ्यास व्हावा असे म्हटले. एकाने जाळी गरिबाच्या आवाक्यात आणली, दुसऱ्याने ती न वापरता चालेल का ते शोधले. दोघांनीही आपले निकाल मोजून लोकांपुढे ठेवले. पाडुआची परंपरा ती हीच.

अण्णांची चिठ्ठी

आता अण्णांनी काय करावे? ते सांगणे आमचे काम नाही, आणि सर्जनांच्या जागी वाचनालयाने बसूही नये. पण वाचून एवढे कळले की घाई नसते आणि घाबरून कायमचे टाळणेही बरे नव्हे. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांनी लक्ष ठेवून थांबावे का, याचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. आतडे अडकण्याचा धोका वर्षाला हजारात दोघांहूनही कमी निघाला. मात्र दहा वर्षांत त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक जणांनी दुखू लागल्याने शेवटी शस्त्रक्रिया करून घेतलीच. फुगवटा आत जाईनासा झाला, ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले, तर मात्र एक तासही घरी थांबू नये.

आम्ही सर्वांनी मिळून अण्णांना एक चिठ्ठी लिहून दिली. माझ्या हर्नियाला जाळी का हवी, आणि नको असेल तर दुसरा मार्ग कोणता? तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? मज्जातंतू सांभाळण्यासाठी काय करता? तुमच्या रुग्णांपैकी कितींना नंतर दुखते, हे तुम्ही विचारता का? कोणत्या कंपनीची, कोणत्या क्रमांकाची जाळी वापरणार, आणि तिच्या वेष्टनावरची चिठ्ठी माझ्या कागदात चिकटवून द्याल का? नानांनी शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली : दुखले तर कुणाकडे यायचे?

भारतात वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून तो चालवला जातो, आणि तिथे रुग्णही आपला अनुभव कळवू शकतो. नानांनी सहा वर्षांपूर्वीची फाइल शोधून काढली. तिच्यात 'जाळी' एवढाच शब्द होता, कोणती ते नव्हते. तरी त्यांनी अर्ज भरायला घेतला आहे. ज्यांनी दुखण्यावर काम केले आहे अशा सर्जनकडेही ते पुढच्या महिन्यात जाणार आहेत. कळ थांबेलच असे कुणी सांगितलेले नाही. पण या वेळी तिचे कारण शोधायचे, असे डॉक्टरांनी म्हटले आहे.

अण्णा चिठ्ठी घेऊन सर्जनांकडे गेले होते. त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले आणि एका प्रश्नाला "हे मी आजवर विचारत नव्हतो, आता विचारीन" असे म्हणाले. तो प्रश्न कोणता, हे वाचकांनी ओळखले असेलच. अण्णांनी दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. यंदा मखराचे चौरंग मंडळाची तरुण मंडळी उचलतील. अण्णा खुर्चीवर बसून सूचना देतील आणि त्या कुणी ऐकणार नाही, हे ठरलेलेच.

विघ्नहर्ता सर्वांना सुखरूप ठेवो. आणि आपल्या घरात कुणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर वर्षा-दोन वर्षांनीही त्यांना विचारावे : "आता कसं वाटतंय?" उत्तर आले की ते तारखेसह कागदावर लिहून ठेवावे.